आमच्या मशीनचा आवाज कसा गेला

आमच्या घरातल्या शिलाई मशीनला काहीही झालेलं नव्हतं, हे मी आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे जे जे घडलं त्याचा ठपका लोक मशीनवर ठेवतील. मशीन पायानं चालवायचं, काळं. त्याच्या अंगावर कधीकाळी सोनेरी वेलबुट्टी होती. बायकोच्या कोपरानं घासून घासून फुलं गेली होती, देठ तेवढे उरले होते. चालताना ते टक् टक् असा आवाज करायचं. एका टाक्याला एक टक्. या आवाजात मी पेपर वाचले, खात्याच्या परीक्षांचा अभ्यास केला, तापात पडून राहिलो. घरात घड्याळ असतं तसा तो आवाज असायचा. त्याची तक्रार मी कधी केली नाही. बायकोनं तर नाहीच नाही.

मग मी निवृत्त झालो आणि कॉम्प्युटर शिकलो.

कॉम्प्युटर मुलीचा. तिची बदली दुसऱ्या गावी झाली तेव्हा ती तो मागे ठेवून गेली. बायकोचा विचार तो कपाटावर टाकून त्या टेबलाचा इस्त्रीसाठी उपयोग करावा असा होता. मी तत्परतेनं वाचनालयातल्या ज्येष्ठांच्या कॉम्प्युटर वर्गात नाव घातलं. तिथल्या बाई फार चांगल्या. आम्ही एकच गोष्ट रोज विचारली तरी त्या रोज नव्यानं ऐकल्यासारखं करायच्या. शेवटच्या दिवशी त्या म्हणाल्या, "शिकलेलं टिकवायचं असेल तर एखाद्या समूहात सामील व्हा. आपल्या आवडीचा विषय शोधा. तिथे तुमच्यासारखीच माणसं भेटतील."

वर्गातल्या सगळ्यांना आवडी होत्या. एका माजी बसचालकांना बुद्धिबळ, एका बाईंना निवडुंग. मी घरी येऊन कॉम्प्युटरसमोर बसलो आणि माझ्या लक्षात आलं की आपल्याला आवडच नाही. पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क म्हणून इतकी वर्षं गेली, पण पाण्याची आवड असं काही कुणी म्हणत नाही. बराच वेळ मी रिकाम्या चौकटीत लुकलुकणाऱ्या त्या उभ्या रेघेकडे बघत होतो. पलीकडच्या खोलीत टक् टक् चाललं होतं. दुसरं काही सुचेना म्हणून मी लिहिलं, 'शिलाई मशीन टक् टक् आवाज'.

आणि मला 'जुनी यंत्रे मित्रमंडळ' सापडलं.

सभासद होणं सोपं नव्हतं. जन्मसाल निवडायला एक यादी उघडली. तीत अलीकडची सालं वर आणि माझं खाली. इतका वेळ खाली खाली जात राहिलो की मध्ये एकदा शंका आली, आपलं साल बहुतेक बंद झालं असावं. मग एका चौकटीत नाव विचारलं. मी ज्या खात्यात आयुष्य काढलं तिथे कुणी कारण न देता नाव विचारलं की आम्ही उलट विचारत असू. त्या सवयीनं मी लिहिलं, 'कशासाठी?' मला वाटलं, उत्तर येईल. उत्तर आलं ते असं: 'स्वागत आहे, कशासाठी. हे नाव आता बदलता येणार नाही.'

अशा रीतीनं मी त्या मंडळात कशासाठी झालो. तिथे सगळेच अशा नावांचे. एक 'तेलबुधली', एक 'गंजलेला बोल्ट'. मंडळावर देखरेख करणारे एक 'नियंत्रक' होते. ते मात्र नुसतेच नियंत्रक.

एका विषयावर चाललेल्या चर्चेला तिथे धागा म्हणतात. नव्या सभासदानं पहिल्याच दिवशी आपला धागा काढायचा आणि यंत्राची अडचण सांगायची, असा नियम. मी खात्यातल्या पद्धतीनं लिहिलं, 'विषय: शिलाई यंत्रातून येणाऱ्या टक् अशा आवाजाबाबत.' खाली दोन परिच्छेद. नोकरीत मी जी पत्रं पाठवली त्यांची उत्तरं पुढचा पावसाळा उलटल्यावर यायची. इथे चहाचा कप खाली ठेवायच्या आत तीन जणांनी उत्तर दिलं. 'प्रिय कशासाठी, सुई खालच्या पट्टीला घासत असणार.' 'प्रिय कशासाठी, घासत नसणार, खालच्या दांड्याचा नट ढिला असणार.' 'प्रिय कशासाठी, या दोघांचं ऐकू नका.'

मला इतकं भरून आलं की मी उठून खोलीत एक फेरी मारली. निवृत्तीनंतर माझ्या मतावाचून कुणाचं काही अडलं नव्हतं. इथे माझ्या अडचणीवाचून अडलं होतं.

"कोणाला लिहिताय?" बायकोनं विचारलं.

"मशीनबद्दल विचारलंय."

"कुठल्या?"

"तुझ्या."

"त्याला काय झालंय?"

"आवाज येतो ना."

"तो येतोच," ती म्हणाली आणि आत गेली. तिच्या दृष्टीनं प्रकरण निकालात निघालं होतं. मंडळात तसं निकालात निघत नाही.

इथे दुपारच्या बैठकीबद्दल सांगायला हवं. जेवणं उरकली की आमच्या इमारतीतल्या दोघीतिघी काहीतरी शिवायला घेऊन हिच्याकडे यायच्या. तळमजल्यावरच्या नर्सबाई आठवड्यातून तीनचारदा तरी असायच्याच. वरच्या मजल्यावरच्या शिक्षिकाबाई पडदे आणायच्या. त्यांच्या घरात खिडक्या किती आहेत असा मला प्रश्न पडायचा. फोटोवाल्याची आई काहीच आणायची नाही, नुसती यायची. मी शेजारच्या खोलीत. मला ऐकू यायचं ते टक् टक् आणि मधूनच हसणं. कधीकधी बराच वेळ नुसतं टक् टक्. त्या काय बोलतात ते मला कळत नसे, आणि कळावं असं वाटतही नसे. निदान हिला मी असं सांगत असे.

मंडळानं फोटो मागितला. मी काढून पाठवला. तेलबुधलीनं तो मोठा करून बघितला आणि कळवलं की दांड्याच्या डाव्या बाजूला एक संशयास्पद फुगवटा दिसतो, तिथे धातू थकला आहे. त्यावर दोन दिवस चर्चा झाली. मग माझ्या लक्षात आलं की तो माझा अंगठा आहे. हे सांगायला मला संकोच वाटला. मी दुसरा फोटो पाठवून 'फुगवटा उतरला' एवढंच कळवलं.

गंजलेला बोल्ट या सगळ्यांत शांत. तो दुसऱ्या देशात राहायचा आणि सगळ्यांच्या शेवटी, मोजकं लिहायचा. 'कशासाठीजी, बाहेरून काही कळणार नाही. आत बघावं लागेल. पण मशीन चालत असेल तर उघडायची घाई करू नका.' यातलं पहिलं वाक्य मी तेवढं मनावर घेतलं.

आत बघायचं कसं? समोरच्या घरातले दाताचे डॉक्टर म्हणाले, "माझ्याकडे आरसा आहे." ते काठीला लावलेला त्यांचा छोटा आरसा, बारीक चिमटे आणि कपाळावरचा दिवा घेऊन आले. बायको बाजारात गेली होती. डॉक्टरांनी मशीन आडवं केलं, दिवा लावला, आरसा आत घातला आणि सवयीनं म्हणाले, "हे आधीच दाखवायला हवं होतं."

"काय आहे?"

"काढावं लागेल."

बॉबिन ज्या डबीत बसते, त्या डबीला कवेत घेणारा एक अर्धचंद्रासारखा पोलादी तुकडा असतो, त्याला हुक म्हणतात. मंडळातल्या निम्म्या लोकांचा त्याच्यावर संशय होता. मी स्क्रू सैल केला. एक स्प्रिंग टण् करून उडाली आणि कपाटामागे गेली. तिला शोधायला मी जमिनीवर आडवा झालो, तेवढ्यात डॉक्टरांनी तो तुकडा चिमट्यात पकडला. "थोडा हलतोय," ते म्हणाले. "हलला की निघतो." त्यांच्या हातात इतक्या वर्षांची ताकद. निघाला. पण अर्धाच.

बायको आली तेव्हा मशीनचे भाग जेवणाच्या टेबलावर वर्तमानपत्र पसरून मांडलेले होते. डॉक्टर आपली हत्यारं पुसत होते. ती दारात उभी राहिली. पिशवी खाली ठेवली. मी बोलायला सुरुवात केली तेव्हा तिनं फक्त एवढंच विचारलं, "आज जेवायचं कुठे?"

डॉक्टर घाईघाईनं निघून गेले. त्या दिवसापासून आम्ही ताट मांडीवर घेऊन जेवू लागलो.

दुपारी नर्सबाई आल्या. हातात ढिला करायला आणलेला गणवेश. त्यांनी टेबलाकडे बघितलं, एक दातेरी चाक उचललं आणि विचारलं, "हे कशाचं?" मंडळात मी एव्हाना बरंच काही शिकलो होतो. मी समजावून सांगितलं. चाकापासून पट्ट्यापर्यंत, पट्ट्यापासून दांड्यापर्यंत. शिक्षिकाबाईंनी मध्ये एकदोनदा "असं का" केलं. मला वाटलं, त्यांना गोडी लागली. दुसऱ्या दिवशी त्या आल्या नाहीत. नर्सबाई आल्या, पाणी प्यायल्या आणि गेल्या. मग त्याही येईनाशा झाल्या.

"कामं असतील," मी म्हणालो.

"हो," बायको म्हणाली.

मंडळात मात्र माझा धागा सर्वांत जास्त वाचला जात होता. 'कशासाठी यांनी मशीन उघडले' ही बातमी कुठे कुठे पोचली होती. माणसं सकाळी उठल्या उठल्या विचारायची, 'कशासाठींचं काय झालं?' तसा तुकडा आता कुठे बनत नाही असं तेलबुधलीनं सप्रमाण सिद्ध केलं. त्यावर गंजलेल्या बोल्टनं एका ओळीत लिहिलं, 'माझ्याकडे आहे. पाठवतो.'

पाठवला. पार्सल आलं ते मात्र माझ्या घरी नाही, परदेशी पार्सलांच्या कचेरीत. खिडकीपलीकडच्या कारकुनानं डबा पुढे ठेवला, पण हात वरच ठेवला.

"यात काय?"

"हुक. मशीनचा."

"यावर लिहिलंय, जुना. जुनी वस्तू असेल तर ती पुरातन आहे का, ते आधी ठरवावं लागतं."

"पुरातन नाही. नुसती जुनी."

"म्हणजे वापरलेली. वापरलेली असेल तर निरुपयोगी नसल्याचा दाखला लागतो."

"ती माझ्या उपयोगाची आहे."

"मग उपयोग सिद्ध करा. मशीन दाखवा."

"मशीन उघडलेलं आहे. हा तुकडा बसल्याशिवाय ते मशीन नाही."

"मग मशीन नसताना मशीनचा तुकडा कशासाठी?"

मी दचकलो. त्याला माझं मंडळातलं नाव ठाऊक असणं शक्य नव्हतं. मला त्या माणसाचा राग येईना, हीच खरी पंचाईत होती. हे असले प्रश्न विचारूनच मी निवृत्त झालो होतो, आणि याच्याइतके चांगले मला कधी जमले नव्हते. चार फेऱ्या झाल्या. शेवटी डॉक्टर माझ्याबरोबर आले. त्यांनी आपल्या दवाखान्याच्या कागदावर 'सदर तुकडा बसवणे अत्यावश्यक' असं लिहून सही केली. कारकुनानं कागद उलटसुलट केला, डॉक्टर ही अक्षरं वाचली, आणि डबा माझ्याकडे सरकवला. तो काय समजला कोण जाणे. "काळजी घ्या," तो म्हणाला.

गंजलेल्या बोल्टनं तो तुकडा बसवताना मला एकेक पायरी लिहून दिली. मी एक स्क्रू बसवायचा, फोटो काढायचा, पाठवायचा, वाट बघायची. 'आता पाव फेरा मागे.' 'आता तेलाचा एक थेंब. एकच.' इतक्या धीरानं मला आयुष्यात कुणी काही शिकवलं नव्हतं. शेवटी मशीन उभं राहिलं. मी चाक फिरवलं. काहीच ऐकू आलं नाही. वाटलं, बिघडलं. मग बघितलं तर सुई खालीवर होत होती आणि कापडावर टाके पडत होते. लोण्यातून सुरी जावी तसं मशीन चालत होतं.

मंडळात जल्लोष झाला. मला 'महिन्याचा सभासद' केलं. बायको मशीनवर बसली, पाय मारला, थांबली, पुन्हा मारला. कापड उजेडात धरून बघितलं.

"चालतंय," ती म्हणाली.

मला वाटलं, अजून काही बोलेल. मी बराच वेळ तिथे उभा होतो.

नर्सबाईंना मीच जिन्यात गाठून सांगितलं, मशीन झालं. त्या दुपारी आल्या, गणवेश घेऊन. मी शिष्टाचार पाळून शेजारच्या खोलीत. आणि तेव्हा पहिल्यांदा मला त्या खोलीतलं सगळं ऐकू आलं. खुर्ची सरकली ते, बांगडी मशीनच्या कडेला लागली ते. बायकोनं हलकेच विचारलेलं, "मुलाचं काय ठरलं मग?" नर्सबाईंचा श्वास. "तो म्हणतो, इथलं घर विकून टाक आणि..."

ऐकू येतंय हे कळत असताना गप्प बसणं सभ्यपणाचं नाही, असं माझ्या मनात आलं. म्हणून मी खोकलो. मोठ्यानं, मुद्दाम, माझं अस्तित्व कळावं म्हणून.

पलीकडे सगळं थांबलं. मग नर्सबाई नेहमीच्या आवाजात म्हणाल्या, "गणवेश राहू दे, सावकाश कर. उद्या नेते." चपलांचा आवाज जिन्यात उतरत गेला.

मी आत गेलो. बायको सुईकडे बघत बसली होती.

"मी काही ऐकत नव्हतो," मी म्हणालो.

"माहीत आहे. पण ऐकू जातं ना." तिनं सुईखालचं कापड सोडवलं. म्हणाली, "टक् टक् व्हायचं, मी पाठमोरी, तुम्ही पलीकडे. म्हणून बोलायच्या त्या. नाहीतर शिक्षिकाबाईंना इतके पडदे कशाला लागतात?"

हे मला आधी का सांगितलं नाहीस, असं विचारणार होतो. पण आधी कधी विचारलं होतं मी?

मी उपाय केला. दुपारी घराबाहेर पडायचं ठरवलं. फाटकाशी एक बाक आहे, तिथे जाऊन बसायचो. पहिल्या दिवशी शिक्षिकाबाईंनी बघितलं आणि काळजीनं विचारलं, "घरी सगळं ठीक ना?" दुसऱ्या दिवशी फोटोवाल्याची आई माझ्याशेजारी येऊन बसली आणि मला म्हणाली की या वयात बायकोशी अबोला धरू नये. तिसऱ्या दिवशी डॉक्टर मध्यस्थी करायला थेट आमच्या घरी गेले. मशीन आपण उघडलं म्हणून हे झालं, अशी त्यांची समजूत. बायकोनं त्यांना चहा दिला. आमचं भांडण नाही हे पटवता पटवता तिचा आवाज चढला, आणि मग इमारतीत कुणाला शंका उरली नाही. भांडण चाललेल्या घरी शिवण घेऊन कोण जाणार? मी बाक सोडला आणि वर आलो.

मग मला वाटलं, ज्यांनी आवाज घालवला त्यांनाच विचारावं. मी नवा धागा काढला, 'विषय: गेलेला आवाज परत आणण्याबाबत.' दुपारपर्यंत कुणीच काही लिहिलं नाही. मग तेलबुधलीनं विचारलं, 'ही थट्टा आहे का?' दुसऱ्या एकानं लिहिलं की लोकांच्या मेहनतीचा असा अपमान त्यानं पाहिला नाही. मी समजावून सांगायला बसलो. लिहिलं, पुसलं. आमच्या इमारतीतल्या बायका दुपारी काय बोलतात ते मला ऐकू येऊ नये म्हणून, असं लिहून बघितलं. वाचून मलाच ते शहाण्या माणसाचं वाटेना.

संध्याकाळी गंजलेल्या बोल्टचं उत्तर आलं. 'कशासाठीजी, तो हुक मी वडिलांच्या मशीनमधून काढला होता. ते मशीन आता कुणी चालवत नाही, म्हटलं तुमचं तरी चालेल. तुम्हाला आवाजच हवा होता हे आधी कळलं असतं तर मी काढला नसता.'

त्यानंतर नियंत्रकांनी धागा बंद केला. मी बोल्टला खासगी निरोप पाठवून माफी मागितली. पहिल्यांदाच विषय न घालता लिहिलं. त्याच्या नावापुढचा हिरवा ठिपका लागलेला होता, म्हणजे तो तिथे होता. मी बसून राहिलो. ठिपका गेला. पुढे मी रोज बघत असे. ठिपका लागायचा आणि जायचा. उत्तर आलं नाही.

आणि मग एके दिवशी सकाळी फाटकाशी सामानाचा ट्रक लागला. मी खिडकीतून बघितलं तर नर्सबाईंचं कपाट बाहेर येत होतं. बायको आतून आली, माझ्याशेजारी उभी राहिली. "मला माहीत नव्हतं," ती म्हणाली. मग तिनं पदरानं हात पुसले आणि खाली गेली. वरून मला दोघी दिसत होत्या. त्या फार बोलल्या नाहीत. भोवती हमाल, मुलगा, इमारतीतली माणसं. नर्सबाईंनी हिचा हात धरला, हिनं मान हलवली. मग ट्रकचं मागचं फळकूट लावलं गेलं.

दुपारी ती मशीनवर बसली. मी कॉम्प्युटरसमोर बसलो होतो, पण तो लावला नव्हता. पलीकडून काहीच कळेना.

"शिवतेयस का?" मी विचारलं.

"नाही. बसलेय."

मी उठलो. तिच्या खोलीत गेलो आणि मागे नर्सबाई बसायच्या त्या खुर्चीवर बसलो. तिनं वळून बघितलं नाही. एक उशीचा अभ्रा घेऊन सुईखाली सरकवला. बसल्यावर काय बोलतात, ते मला माहीत नव्हतं. हवा, भाज्या, मुलीचा फोन, एकेक विषय मनात आला आणि गेला. तिचा पाय चालायला लागला होता. मशीन मुकाट्यानं टाके घालत होतं.

"माझा गुडघा दुखतो," मी शेवटी म्हणालो. हे मी कुणालाच सांगितलं नव्हतं. "जिना उतरताना."

"माहीत आहे," ती सुईकडे बघत म्हणाली. "मी नर्सबाईंना सांगून ठेवलं होतं. सवडीनं बघते म्हणाल्या होत्या."